ठरवून घेतलेला शब्द

दोघांनी मिळून सत्य शोधायचे ठरवले, तर त्या सत्याचे नाव कोणी ठेवायचे? अनुवादकापुढे हा प्रश्न रोज असतो. ऑक्टोबर २००८मध्ये तो हैदराबादला जनुकशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि हैदराबादच्या सीसीएमबीचे लालजी सिंग व के. थंगराज यांनी २५ भारतीय समूहांतल्या १३२ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास केला होता. आजचे बहुतेक भारतीय दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून घडले, असे आकडे सांगत होते. त्यातल्या एका समूहाचे नाते युरोप, मध्य आशिया आणि पश्चिम आशियातल्या लोकांशी जवळचे होते. राइक त्याला ‘पश्चिम युरेशियन’ म्हणत होते. भारतीय सहकाऱ्यांनी हरकत घेतली. जवळीक दिसते हे खरे, पण कोण कुठून कुठे गेले ते या आकड्यांत दिसत नाही. शिवाय या शब्दाने देशात काहूर माजेल. अखेर ‘अँसेस्ट्रल नॉर्थ इंडियन्स’ आणि ‘अँसेस्ट्रल साउथ इंडियन्स’ अशी नावे ठरली आणि २००९मध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला. ही हकीकत राइक यांनीच २०१८च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे.

ही तडजोड सत्याशी प्रतारणा होती का? हरकतीची दोन कारणे वेगळी करून पाहिली पाहिजेत. ‘एवढे पुराव्यात नाही’ हे कारण प्रामाणिक आहे. ते मानले की शब्द पुराव्याच्या मापाचा होतो. ‘लोक चिडतील’ हे कारण समजण्यासारखे आहे, पण त्यासाठी शब्द बदलला की माहीत असलेलेही झाकले जाण्याचा धोका असतो. इथे झाकले गेले नाही, कारण परकीय समूहांशी असलेली जवळीक त्या लेखात स्पष्ट नोंदवली होती. मवाळ होते ते फक्त नाव.

पण नाव लेखातून सुटते आणि एकटेच गावोगाव फिरते. मी बन्नूरला राहते. इथून जवळच नरसीपूरला, कावेरी-कपिलेच्या संगमावर, म्हैसूर विद्यापीठाच्या एम. शेषाद्रींनी नवाश्मयुगीन वस्ती उत्खननातून उजेडात आणली. इथल्या माणसाला ‘प्राचीन दक्षिण भारतीय’ असे सांगितले की तो सहज म्हणतो, म्हणजे आम्ही. वास्तविक दोन्ही समूहांचा वारसा त्याच्यातही आहे आणि माझ्यातही. मराठीत तर अडचण आणखी वाढते. ‘उत्तर भारतीय’ म्हटले की आपल्या वाचकाला मुंबईतले राजकारण आठवते. हैदराबादेत सौम्य ठरलेला शब्द दादरला पोचेपर्यंत टोकदार होतो. टेबलाशी दोन पक्ष होते. तिसरा, म्हणजे वाचक, तिथे नव्हता.

चौथा पक्ष तर कधीच नसतो. हरयाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथल्या ६१ नमुन्यांपैकी एका स्त्रीच्या अवशेषांतूनच अभ्यासण्याजोगा डीएनए मिळाला. २०१९मध्ये ‘सेल’मधल्या लेखाने सांगितले की तिच्यात स्टेपच्या पशुपालकांचा वारसा नाही. त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये आलेल्या, काही सहलेखक सामाईक असलेल्या लेखात म्हटले होते की हा वारसा इसवी सनापूर्वी २०००नंतरच्या शतकांत उपखंडात आला. दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात, कारण ती बाई त्याआधीची. तरीही पत्रकारांसमोर पहिल्या विधानाचा अर्थ ‘बाहेरून कोणी आलेच नाही’ इथपर्यंत ताणला गेला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या बाईला कुणी विचारले नव्हते आणि आता ती कुणाच्या तरी बाजूची साक्षीदार झाली.

म्हणून मला वाटते, सहकार्याची कसोटी एकमत नव्हे. जिथे खोदकाम आणि हाडे एका देशाची आणि प्रयोगशाळा दुसऱ्या देशाची असते, तिथे एकमत दबावानेही होते, सौजन्यानेही. मतभेद कुठे झाला, कोणता शब्द कोणत्या कारणाने सोडला, हे त्याच लेखात लिहिणे ही खरी कसोटी. राइक यांची हकीकत मूळ लेखानंतर नऊ वर्षांनी छापली गेली. ती आधी कळली असती, तर ‘उत्तर’ हा शब्द दिशा नसून तडजोड आहे, हे वाचकाला पहिल्याच दिवशी समजले असते.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. हे शब्द मराठीत आणताना त्यांच्यामागचा वाद एका वाक्यात तरी तिथेच सांगायचा, मग परिच्छेद थोडा अवघडला तरी चालेल.