ठरलें, पण कळलें नाहीं

‘वाट पाहणें’ हा शब्दप्रयोग ज्या कोणा पूर्वजानें रूढ केला, त्याच्या डोळ्यांपुढें खरोखरीचीच वाट असली पाहिजे. उंबऱ्यावर उभें राहावें, कपाळावर आडवा हात धरावा आणि वळणावरून कोणी येतें कीं काय तें न्याहाळावें. वाट मोकळी दिसली म्हणजे मनुष्य अद्यापि आलेला नाहीं एवढें तरी निश्चित समजे. आतां उत्तरें ज्या मार्गानें येतात तो डोळ्यांना दिसतच नाहीं. गेल्या हिवाळ्यांत माझ्या भाचीनें अमेरिकेंतील आठ विद्यापीठांकडे इतिहासाच्या पीएच्. डी. साठीं अर्ज केले, आणि पुढें चार महिने आमच्या घरानें जी वाट पाहिली ती अशी बिनवाटेची होती.

तिकडील प्रवेशाची रीत आपल्याकडील रीतीहून निराळी आहे, म्हणून ती थोडी सांगतों. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत संपते. अर्जाबरोबर आपण कोणतें संशोधन करूं इच्छितों हें सांगणारें निवेदन, पूर्वी लिहिलेल्या एखाद्या निबंधाचा नमुना आणि तीन अध्यापकांचीं शिफारसपत्रें जोडावीं लागतात; शिवाय प्रत्येक ठिकाणीं शुल्क, तें शंभर डॉलरच्या आगेंमागें असतें. मग त्या त्या विभागांतील अध्यापकांची समिति अर्ज वाचावयास बसते. नामांकित विभागांत अर्ज शेंकड्यांनीं मोजावे लागतात आणि जागा हातांच्या बोटांवर. कारण ज्याला घ्यावयाचें त्याला पांच-सहा वर्षें विद्यावेतन द्यावयाचें असतें. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत उत्तरें येत राहतात. कोणाचें कोणत्या दिवशीं येईल याला नेम नाहीं. त्यांतून न्यूयॉर्ककडील घड्याळ हिवाळ्यांत आपल्या मागें साडेदहा तास. तेथील एखाद्या कारकुनानें दुपारीं चार वाजतां, कचेरींतून उठतां उठतां पत्र धाडलें, कीं आपल्याकडे रात्रीचे अडीच झालेले असतात. भाची फोन उशाशीं घेऊन निजे, म्हणजे खरें पाहतां निजत नसे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आरंभींच एक धडा मिळतो तो असा, कीं कागद सांपडला नाहीं एवढ्यावरून घटना घडली नाहीं असें म्हणूं नये. ही मुलगी मोडी शिकलेली, पुण्याच्या पेशवे दफ्तरांत दोन उन्हाळे बसलेली; दुसऱ्या कोणी असें अनुमान काढलें तर त्याची हजेरी घेणारी. परंतु स्वतःच्या बाबतींत तिनें हा धडा पार गुंडाळून ठेवला. चार दिवस पत्र नाहीं म्हणजे नकार. शुक्रवार गेला म्हणजे नकार. दिल्लीच्या कोणा मुलाला मुलाखतीस बोलावलें म्हणजे तर निश्चितच नकार. फेब्रुवारींत तिला एका संस्थेंत कागदपत्रांची सूची करण्याचें वर्षभराचें काम चालून आलें. त्यांना आठ दिवसांत उत्तर हवें होतें. तिनें नाहीं म्हणून कळविलें आणि दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. वाट पाहण्याला किंमत पडते ती अशा रीतीनें.

तिच्याच विषयांतील एक उदाहरण मला त्या दिवसांत वारंवार आठवे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे त्या सुमारास उत्तरेकडे निघाले होते. नर्मदा ओलांडल्यावर एका सावकारी पत्रावरून त्यांना पराभवाची वार्ता लागली. तोंवर सुमारें दहा दिवस लोटले होते. या दहा दिवसांचा विचार आला कीं मन चरकतें. मुक्कामावर मसलती चालल्या असतील, पुढच्या मजलीचे हुकूम सुटले असतील. आणि ज्यांच्या मदतीस जावयाचें ते तर जगांतच उरले नव्हते. तथापि या दहा दिवसांबद्दल कोणाला दोष देतां येईल? मध्यें शेंकडों कोसांचें अंतर होतें आणि बातमीला मनुष्याच्या व घोड्याच्या पायांहून अधिक वेग नव्हता. जें ठरलें होतें तें कळावयाचें राहिलें, तें वाटेमुळें राहिलें.

आज ती सबब उरलेली नाहीं. म्हणून वाट पाहावयास लावणाऱ्याच्या वर्तनाचा विचार करतांना मी एकच गोष्ट आधीं विचारतों: निर्णय झाला आहे कीं नाहीं? समिति अजून अर्ज वाचीत असेल, तिचें मन दोन उमेदवारांत घोटाळत असेल, तर लागणाऱ्या वेळाबद्दल कुरकुर करणें अन्यायाचें होईल. घाईनें वाचलेल्या अर्जापेक्षां सावकाशीनें वाचलेला बरा. राखीव म्हणून ठेवलेल्या उमेदवाराचीहि गोष्ट तशीच. आगगाडीच्या तिकिटाप्रमाणें तेथेंहि ‘वेटिंग लिस्ट’ असते. भेद इतकाच कीं आपला क्रमांक कितवा, हें पुष्कळदां सांगत नाहींत. पण ज्याचा अर्ज पहिल्याच वाचनांत बाजूला पडला, ज्याच्याकडे समिति पुन्हां वळून पाहणार नाहीं, त्यालाहि सर्व नकार एकदम धाडावयाचे म्हणून मार्चअखेरपर्यंत थांबवून ठेवतात. येथें निर्णयहि झाला आहे आणि पत्र पोंचावयास क्षणहि लागणार नाहीं. मग मधला महिना कोणाचा? मला तर वाटतें कीं तो त्या विद्यार्थ्याचा असून दुसऱ्यानें आपल्या सोयीसाठीं दाबून धरलेला असतो. त्यांत दुष्टपणा नसतो, केवळ सोय असते. पण सोयीनें दुसऱ्याची वस्तु ठेवून घेणाऱ्याला आपण एरव्हीं काय म्हणतों, हें वाचकांस सांगावयास नको.

इथपर्यंत माझें व भाचीचें पूर्ण एकमत होतें. विद्यापीठांना नांवें ठेवण्यांत आम्हीं दोघांनीं कित्येक संध्याकाळ मोठ्या आनंदांत घालविल्या. मार्चच्या मध्यापर्यंत तिला दोन ठिकाणचे होकार आले, दोन्ही विद्यावेतनासह. चार नकार आले आणि दोन विद्यापीठें बोलावयाची राहिलीं, त्यांपैकीं एक तिच्या विशेष मनांतलें. पेढे वांटून झाल्यावर मी सहज विचारलें,

“त्या दुसऱ्या ठिकाणीं तूं जाणार आहेस का?”

“बहुतेक नाहीं.”

“बहुतेक?”

“मामा, नाहींच जाणार. पहिलें सर्व बाजूंनीं चांगलें आहे. पण १५ एप्रिलपर्यंत मुदत आहे ना! आणि मला नाहीं का त्यांनीं तीन महिने ताटकळत ठेवलें?”

मुदतीविषयीं ती म्हणाली तें खरें होतें. तेथील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा एक ठराव आहे. त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांना विद्यावेतनाच्या देकारावर १५ एप्रिलपूर्वीं उत्तर मागतां येत नाहीं. विद्यार्थ्यावर दडपण येऊं नये म्हणून केलेला हा नियम उत्तम आहे. तिच्या सावधपणालाहि आधार होता. २०२४ च्या नोव्हेंबरांत बोस्टन विद्यापीठानें इतिहासासह अनेक विषयांचे पीएच्. डी.चे नवे प्रवेश पुढील वर्षापुरते थांबविले. २०२५ च्या फेब्रुवारींत अनुदानकपातीच्या धास्तीनें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अनौपचारिकपणें कळविलेले कांहीं प्रवेश मागें घेण्याची वेळ आली. अशा काळांत हातचें एक सोडून द्यावें असें कोण सांगेल? मीहि सांगितलें नसतें, जर पहिल्या विद्यापीठाचें सहीशिक्क्याचें पत्र, पांच वर्षांच्या वेतनाच्या आंकड्यासह, तिच्या हातीं नसतें.

परंतु तिचें खरें कारण सावधपणा नव्हतें, हें तिच्या ‘बहुतेक’ या शब्दानेंच मला कळलें होतें. मनुष्य आपला निर्णय पुष्कळदां स्वतःपासूनहि लपवून ठेवतो. आपण दोघांना हवे आहोंत ही जाणीव गोड असते, आणि महिनोन् महिने कोणी विचारलें नाहीं अशा जिवाला तर ती फारच गोड लागते. तिचा मला राग आला नाहीं. तिच्या वयांत मीं ती जागा १४ एप्रिलच्या रात्रीपर्यंत सोडली नसती. पण त्या दुसऱ्या विभागाच्या राखीव यादींत कोणी तरी होतें. त्याला एखाद्या शाळेंतील नोकरी त्याच आठवड्यांत धरावयाची कीं सोडावयाची असेल. त्याच्याहि घरीं कोणी रात्रीं अडीच वाजतां दचकून उठत असेल. त्याच्या बाबतींत विद्यापीठाचा निर्णय व्हावयाचा राहिला होता तो तिच्यामुळें, आणि तिचा तर झाला होता.

मीं एवढेंच विचारलें, कीं तुझ्या जागीं बसलेल्या मुलीनें फेब्रुवारींत असेंच केलें असेल तर? ती म्हणाली, “तें मला कुठें कळणार आहे!” आणि मग बराच वेळ गप्प राहिली. शेवटीं म्हणाली, कीं विद्यापीठांनीं माझ्याशीं कसेंहि वागावें आणि मी मात्र सभ्यपणा करावा, हा कुठला न्याय? याला मजजवळ समाधानकारक उत्तर नव्हतें व आजहि नाहीं. ज्याच्याशीं तिचा झगडा होता तें विद्यापीठ, आणि ताटकळणारा मात्र तिसराच कोणी, एवढें मीं म्हटलें. पण तें बोलणें तिच्यापेक्षां मलाच अधिक पटलेलें दिसलें.

तीन-चार दिवसांनीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें तें पत्र लिहिलें. चारच ओळी, पण त्यांना तास लागला. दहा मिनिटांत विभागाच्या चिटणिसांचें आभाराचें उत्तर आलें. जागा आतां कोणाला जाईल याचा त्यांत अर्थातच उल्लेख नव्हता. तिच्या विशेष मनांतल्या विद्यापीठाचें नकाराचें पत्र मे महिन्यांत आलें. तोंवर तिनें विमानाचें तिकीट काढलें होतें.