एकट्याचा डाव

दिवाळीच्या पाडव्याला जुन्या ग्रंथांत द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी खेळून वर्षाचे नशीब अजमावावे, असा समज. पण ज्या खेळात समोर कोणी भिडूच नाही, त्या पेशन्समध्ये माणूस हरतो तो कोणाकडून?

नशिबाकडून, असे कोणीही म्हणेल. उत्तर सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. पेशन्सचा नेहमीचा प्रकार घ्या. ५२ पानांपैकी २८ सात ओळींत मांडायची, २४ हातात ठेवायची. मांडलेल्यांपैकी सात उघडी, २१ पालथी. इथवर नशीब. पुढे अक्कल सुरू होते. किल्वरची आणि इस्पिकची अठ्ठी दोन्ही मोकळ्या आहेत आणि बसवायला बदामाची नव्वी एकच आहे; तर जिच्याखाली पालथी पाने जास्त, ती उचलावी. राजा हाताशी नसेल तर ओळ रिकामी करण्याची घाई नको. एक्क्यावर दुर्री खुशाल चढवा, पण पंजी-छक्कीला जरा थांबवा. खाली तिची गरज लागते. नवशिका मात्र दिसेल ते पान हलवतो आणि डाव अडला की कपाळाला हात लावतो.

नशीब आणि अक्कल यांचा हा तंटा आम्हा वैदर्भीयांच्या घरचाच. दमयंती आमच्या विदर्भाची. द्यूतात सर्वस्व घालवलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी होऊन इकडे येत होता. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने सांगितली, नळाने ती मोजून पाहिली आणि आकडा बरोबर निघाला. मग त्याने अश्वविद्या देऊन अक्षविद्या घेतली. म्हणजे फाशांतही शिकण्यासारखे काही असते, हे तेव्हाही ठाऊक होते. १९४६ साली आजारातून उठत असलेला उलाम नावाचा गणिती पेशन्स लावीत बसला होता. डाव सुटण्याचा संभव किती, हे सूत्राने सुटेना. तेव्हा, शंभर वेळा मांडून किती सुटतात ते मोजले तर, असे त्याच्या मनात आले. त्यातून मोठी गणनपद्धती निघाली. तिला नाव मात्र माँटे कार्लोच्या जुगारगृहाचे मिळाले!

आमच्या वाशीममध्ये शेजारी एक निवृत्त गुरुजी आहेत. पूर्वी संध्याकाळी दोघे नवरा-बायको पत्ते खेळत. बाई गेल्यापासून गुरुजी एकटेच पेशन्स लावतात. डाव अडला की मोडतात. पालथे पान उचलून पाहत नाहीत. एकदा मी म्हटले, "गुरुजी, एक पान पाहिलं तर कोण विचारणार आहे?"

ते म्हणाले, "पाहून मग म्हणणार काय? हे आधी हलवायला हवं होतं, हेच ना? तेवढं तर मी रात्रभर म्हणतच असतो. हिला आठ दिवस आधी अकोल्याला न्यायला हवं होतं."

मला तेव्हा बोलता आले नाही. पुढे वाचनात एक हिशेब आला. तीन-तीन पाने उलटण्याच्या प्रकारात, सारी पाने आधीच ठाऊक असतील तर, शंभरांतले सुमारे ८२ डाव सुटू शकतात. प्रत्यक्ष खेळणाऱ्याचे त्याहून पुष्कळ कमी सुटतात. या तफावतीला चूक म्हणायचे काय? थोडी चूक असेलही. अठ्ठी कुठली उचलावी, हे ज्याला कळते आणि तरी जो आळस करतो, त्याने दोष घ्यावा. पण बाकीची तफावत पालथ्या पानांची आहे. बरोबर खेळूनही डाव जातो. खेळणाऱ्याला तोलायचे ते त्याच्यापुढे उघड्या असलेल्या पानांवरून. उघडी पाने पाहायचीच नाहीत आणि नशीब म्हणायचे, हा जसा कांगावा, तसेच सगळी पाने उलटून झाल्यावर स्वतःला गुन्हेगार ठरवणे हाही खोटाच न्याय.

हे मी गुरुजींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पत्ते पिसले आणि विचारले, "आणि तिचा ताप? तो तर उघडाच होता ना?"

"चार दिवस गावातल्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. उतरतही होता, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"उतरत होता खरा," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिली ओळ मांडायला घेतली.