घोडा का अडला?



भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? आजीने घातलेल्या या तिन्ही कोड्यांचे उत्तर एकच : न फिरवल्याने. घरातला एखादा तरुण 'कशातच मन लागत नाही' म्हणतो, तेव्हा हे कोडे आठवते.

अशा वेळी आपण त्याला आणखी काहीतरी आणून देतो : नवा मोबाईल, नवी गाडी. काही मिळाले की जगण्याची गोडी वाढते, असे आपण धरून चालतो. पागेतला धडा वेगळा आहे.

माथेरान गावात खासगी मोटारींना प्रवेश नाही. तिथे पिढ्यान्पिढ्या घोडे माणसे वाहत आले. घोडा सांभाळणाऱ्या पोराला मन असो-नसो, पहाटे उठावेच लागते. चंदी, वैरण, पाणी, खरारा, खुरांची सफाई. घोडा मुळात भित्रा. पळून जीव वाचवणारा. आपला राग, आपली घाई त्याला चटकन जाणवते. त्याला शांत करायचे तर आधी स्वतः शांत व्हावे लागते. आपले मार्क, पगार, जात त्याला ठाऊक नसते. आपला हात मात्र तो ओळखतो.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला आधार लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी रौप्यपदक मिळवले. पाय परत आले नाहीत, उमेद आली.

कोणी म्हणेल, घोडा आपल्याला परवडेल का? नाही. पण खरी गोडी रपेटीत नाही, खराऱ्यात आहे. आपल्या कोल्हापुरात पहाटे म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर येणाऱ्या पोराला हे सांगावे लागत नाही. कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, ही जाणीवच माणसाला अंथरुणातून उठवते. मात्र जनावर म्हणजे निव्वळ साधन, असे मानणाऱ्याला ही गोडी लाभत नाही. नीतिमान माणूस जनावराचीही कदर करतो, हे नीतिसूत्रे आपल्याला शिकवतात.

मन फारच खचले असेल तर डॉक्टरांकडे न्यावेच. एरवी 'तुला काय हवे?' असे आपण मुलांना रोज विचारतो. या आठवड्यात 'तुझी गरज कोणाला आहे?' असे विचारू या. आणि उत्तर सापडले, तर ते काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका.