पडद्याचं ऑपरेशन

नाकाची पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा सासर-माहेरच्या सगळ्यांना मी एकच सांगितलं होतं: पडदा वाकडा होता, श्वासाला त्रास होत होता. तसा त्रास काहीच नव्हता. नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा मला नको होता आणि चारचौघांना पटेल असं कारण हवं होतं.

आता ते कारण खरं झालं आहे. उंचवटा काढल्यावर दांड्याच्या मधल्या भागातल्या कूर्चेचा आधार गेला आणि ती आत सरकली. बाहेरून उजवीकडे खळगा दिसतो, आत हवेची वाट अरुंद झाली आहे. रात्री गाल बोटानं बाजूला ओढून धरला की श्वास मोकळा होतो, सोडला की पुन्हा अडतो. डॉक्टरांनीही तपासताना नेमकं हेच करून पाहिलं.

उपाय दोन आहेत. फिलर, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल टोचून खळगा भरायचा. काम थोड्या वेळाचं, परिणाम काही महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त. नको झालं तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवताही येतं. किंवा दुरुस्तीची शस्त्रक्रिया: पूर्ण भूल, जुन्या व्रणांतून वाट काढत केलेलं काम, पडद्याची कूर्चा पुरेशी उरली नसेल तर कानाची किंवा बरगडीची. सूज पूर्ण उतरायला वर्ष तरी जातं.

माझं मन फिलरकडे धावतं. का, असं स्वतःला विचारलं की खर्च, भूल, रजा ही उत्तरं तयार असतात. त्यामागचं उत्तर वेगळं आहे. फिलर केलं तर कुणालाच काही सांगावं लागणार नाही. दुपारी जाऊन संध्याकाळी घरी, आणि जुनं खोटं जागच्या जागी शाबूत. या सोयीसाठी मी किती मोठा धोका लहान मानत होते! नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल त्यांत शिरलं तर त्वचा मरू शकते, दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. शस्त्रक्रिया झालेल्या नाकात व्रणांमुळे रक्तवाहिन्या नेहमीच्या जागी असतीलच असं नाही, म्हणून तिथे हा धोका वाढतो. शिवाय फिलर फक्त भर घालतं. माझा श्वास होता तिथेच अडकलेला राहील.

मी पुण्यात राहते. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाचं नाक याच परिसरात कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडवलं गेलं. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ती हकिगत छापली आणि युरोपातले शल्यविशारद त्यातून शिकले. पहिल्या वेळी मी मनातल्या मनात त्याचा आधार घेतला होता. तो मला घेता येत नाही. त्याचं नाक शत्रूनं कापलं होतं. माझं धडधाकट होतं.

मग एक सोपी वाटणारी कसोटी सुचली: श्वासासाठी असेल तर शस्त्रक्रिया करावी, रूपासाठी असेल तर नाही. पण ती इथे लागू पडत नाही. आतली वाट रुंद करायला कूर्चेच्या ज्या बारीक पट्ट्या बसवतात, त्यांनीच बाहेरचा खळगाही भरून येतो. एक हवं आणि दुसरं नको, अशी निवडच नाही. म्हणजे ‘मी फक्त श्वासासाठी करते आहे’ असं म्हणण्याची मुभा मला नाही. खळगा भरला तर मला आनंद होणार आहे, आणि तो लपवला तर पहिल्यासारखंच अर्धं खरं बोलल्यासारखं होईल. मला वाटतं, सुंदर दिसावंसं वाटणं हा गुन्हा नाही. त्याला आजाराचा बुरखा घालून डॉक्टरांपुढे, घरच्यांपुढे आणि शेवटी स्वतःपुढे उभं राहणं मात्र मला आता जमणार नाही.

फिलर करायचं नाही, हे ठरलं. पुढच्या तपासणीला मी नवऱ्याला सोबत नेणार आहे. श्वास अडतो आणि खळगा खुपतो, हे दोन्ही त्याच्यासमोर सांगणार आहे. पहिलं ऑपरेशन कशासाठी होतं, तेही.

तुमच्याही नाकावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल आणि कुणी फिलर सुचवत असेल, तर ती गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका, आणि सुई लावून घेण्याआधी श्वासाची तपासणी करून घ्या.