वहीत वेळेचा रकाना नव्हता

बायकोची अर्धशिशी उठली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय खाल्लंस?" उजेड सोसत नाही म्हणून तिने पडदे ओढून घेतलेत, कपाळाला ओढणी करकचून बांधलीय, आणि मी दारात उभा राहून झडती घेतोय. त्यात काळजी किती होती आणि जेवणाचा खोळंबा झाल्याची चीड किती? खरं सांगायचं तर चीड जास्त होती.

कुठेतरी एक यादी वाचली होती. चॉकलेट, जुनं चीज, रेड वाइन, अजिनोमोटो. चीज आणि वाइन आमच्याकडे येतच नाही, मग मीच यादी वाढवली. लोणचं, चिंच, मिसळ. तिच्या आवडीचं एकेक बंद करत गेलो. दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक दुखण्याआधी तिने काय खाल्लं ते लिहायला लागलो. एका महिन्यात तीनदा 'चॉकलेट' सापडलं तेव्हा चोर पकडल्यासारखा आनंद झाला. तिच्या दुखण्यात मला आनंद कशाचा?

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीने काम करतो. इथला 210 मेगावॅटचा एखादा संच अचानक बंद पडला, की पॅनेलवर एकदम कितीतरी अलार्म येतात. त्यातला सगळ्यात आधीचा कोणता, हे सेकंदांच्या हिशोबाने लावल्याशिवाय आम्ही कारण लिहीत नाही. ही शिस्त घराचा उंबरा ओलांडताना कुठे जाते?

नाशिकरोडच्या डॉक्टरांनी वही चाळली आणि विचारलं, "वेळ कुठे लिहिलीय?" त्यांनी सांगितलं, दुखणं सुरू होण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, कित्येकांना जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. म्हणजे चॉकलेटची इच्छा हीच दुखण्याची सुरुवात असू शकते. काहींना वाइन किंवा चीज खरंच बाधतं, पण ज्याचं त्याचं वेगळं. जेवण चुकणं मात्र पुष्कळांना भोवतं. रोजचा चहा एकदम तोडला तरी डोकं दुखतं. आणि साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, अशी काही महिने घेतली, तर तीच डोकेदुखी वाढवते.

घरी येऊन त्या तीन नोंदींच्या तारखा पाहिल्या. एक दिवस संकष्टीचा, चंद्रोदयापर्यंत उपाशी. दोन दिवस माझ्या दुसऱ्या पाळीचे. मी येईपर्यंत ती जेवायची थांबते. "तू जेवून घे" असं मी म्हणायचो, पण गरम पोळी ताटात पडली की मला बरंच वाटायचं. ते मी कोणत्या रकान्यात लिहिलं असतं?

तरी खात्रीने काय सांगू? तीन नोंदींवर आधी चॉकलेटला दोषी ठरवलं, आता त्याच तीन नोंदींवर उपवासाला ठरवायचं? घाई तीच, फक्त आरोपी बदलला. एवढं कळतं, की काय खावं हे मी ठरवत होतो आणि ती कधी जेवते हे मला ठाऊकच नव्हतं.

आता वही ती लिहिते. वेळेसकट. लोणचं परत आलंय. दुखणं थांबलेलं नाही. काल दुसरी पाळी करून आलो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि तिचं घासून पालथं घातलेलं.