राक्षसाचा पोपट

दिवाळीआधी देवघराला फळी मारावी म्हणून मी तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले बिनतारी ड्रिल कपाटातून काढले. मोटार ठणठणीत, बॅटरी मात्र गतप्राण! कुडव्याहून गोंदियाला गेलो. नव्या बॅटरीची किंमत निम्म्या ड्रिलाहून अधिक. "त्यापेक्षा नवंच न्या," दुकानदार म्हणाला.

अठरा व्होल्टच्या त्या डबीत ओळीने जोडलेले लिथियमचे पाच सेल असतात. एक नासला की सारी पंगत उठते. वापरा वा न वापरा, म्हातारपण येतेच. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बहुधा बसत नाही. म्हणजे पैसे माझे, यंत्र माझे, पण त्याचा प्राण गोष्टीतल्या राक्षसासारखा दूर कुणाच्या तरी पिंजऱ्यातल्या पोपटात! मग मी विकत घेतले ते काय? २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तीही याच कोड्यापायी असावी.

पण दोष सगळा कंपनीचाच कसा म्हणू?

"वायरवालीच घ्यायची होती जी," शेजारचे सुतारकाका म्हणाले. "वर्षातून चार तर भोकं पाडता तुम्ही!"

त्यांनी वडिलांचे गिरमिट आणले. फळी लागली. ड्रिल पुन्हा कपाटात आहे. धडधाकट जीव उकिरड्यावर टाकवत नाही.