बीएचसीची भुकटी आणि ध्रुवीय अस्वल

उत्तर ध्रुवाभोवतीच्या बर्फाळ प्रदेशात शेती नाही, कीटकनाशकांचे कारखानेही नाहीत. तरी तिथल्या पांढऱ्या अस्वलांच्या चरबीत पीसीबी, डीडीटी, एचसीएच ही औद्योगिक रसायने सापडतात. मात्र सगळीकडे सारखी नाहीत. पूर्व ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या अस्वलांत ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी भरपूर, अलास्काच्या अस्वलांत पुष्कळ कमी. एचसीएचच्या बीटा प्रकाराचे नेमके उलटे आहे. ते अलास्काकडे जास्त आढळते.

हा उलटा क्रम समजायला मराठवाड्यातली शेती उपयोगी पडते. एचसीएच म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडची बीएचसी. भोकरसारख्या कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात संकरित ज्वारी आली, तेव्हा कणसावरच्या मिजमाशीसाठी बीएचसीची दहा टक्के भुकटी धुरळण्याची शिफारस असे. या तांत्रिक बीएचसीत कीड मारणारा गॅमा प्रकार, म्हणजेच लिंडेन, जेमतेम दहा-पंधरा टक्के. उरलेले बहुतेक अल्फा, थोडे बीटा आणि इतर. ते कीड मारण्याच्या कामाचे नव्हते, तरी गॅमाबरोबर तेही शेतात पसरत गेले. शेतकऱ्याने पैसे मोजून विकत घेतलेल्या भुकटीचा मोठा भाग निव्वळ प्रदूषणच होता, हे कटू असले तरी खरे आहे.

भारत आणि चीन या भुकटीचे मोठे वापरकर्ते. चीनने तिचा वापर 1983 मध्ये थांबवला, भारताने 1997 मध्ये बंदी घातली. उन्हात तापलेल्या जमिनीतून अल्फा हवेत उडते आणि वाऱ्याबरोबर उत्तरेला जाऊन थंड पाण्यात मुरते. बीटा पाण्यात अधिक रेंगाळते. ते पॅसिफिकच्या प्रवाहांतून बेरिंग सामुद्रधुनीपर्यंत पोहोचते. तिथे प्लवकांतून मासा, माशातून सील, सीलमधून अस्वल अशा चढत्या साखळीत त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणून आशियात वापरलेल्या रसायनाचा ठसा अलास्काकडे दिसतो. युरोप आणि पूर्व अमेरिकेतल्या पीसीबीचा भार मात्र ग्रीनलंड-स्वालबार्डच्या बाजूला पडतो. पीएफओएस हे पाणी आणि डाग रोखणाऱ्या लेपांच्या आणि आग विझवणाऱ्या फेसाच्या उद्योगातले रसायन चरबीत नव्हे, यकृतात आणि रक्तात साठते. हडसन उपसागराच्या दक्षिणेकडील अस्वलांत ते बरेच आढळते.

दक्षिण ध्रुवाचे चित्र वेगळे आहे. दक्षिण गोलार्धात कारखाने कमी, अंटार्क्टिका खंडाभोवती फिरणारा प्रवाह आणि वारे बाहेरच्या हवा-पाण्याला बऱ्यापैकी अडवतात, आणि पेंग्विनची अन्नसाखळीही आखूड, मुख्यतः क्रिल या कोळंबीसारख्या जीवांवर टेकलेली. तरीही 1960 च्या दशकातच अंटार्क्टिक पेंग्विनमध्ये डीडीटी सापडले होते.

बंदीचा परिणाम होतो, पण प्रत्येक प्रकारावर वेगळ्या वेगाने. आशियातला वापर घटताच ध्रुवीय हवेतले अल्फा लवकर उतरले; समुद्रात शिरलेले बीटा मात्र हळू हळू कमी होते. अल्फा, बीटा आणि लिंडेन यांचा 2009 मध्ये टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत समावेश झाला. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी वर्षानुवर्षे फवारले गेलेले एंडोसल्फानही ध्रुवीय हवेत आढळले. 2011 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी ते त्या यादीत आले.